एका टरफलात दोन दाणे

मोंबासाची आगबोट मुंबईच्या धक्क्याला लागली, तेव्हा गोजरबाईनं खाली उतरून आधी काय केलं असेल? वाकून धक्क्याचा दगड हातानं दाबून पाहिला. हलत तर नाही ना, म्हणून. आठ-दहा दिवस तिच्या पोटात पेजेशिवाय काही गेलं नव्हतं, आणि गेलेली पेजही समुद्रानंच खाल्ली होती.

"आता मी काही पुन्हा बोटीत बसायची न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "परत जायचं झालं तर तुम्ही बोटीनं जा, मी चालत येते."

"आफ्रिकेला? चालत?" बद्रीनाथ हसला.

"मंग येतच न्हाई. सोपं झालं."

बद्रीनाथला तो विनोद वाटला. बायकोचा विनोद कुठं संपतो आणि निश्चय कुठं सुरू होतो, हे त्याला लग्नाला पंधरा वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं.

हा बद्रीनाथ केदारखेड्याचा शिंपी. थोरला भाऊ रखमाजी गावात शिवायचा, त्याच्याच हाताखाली हा मशीनवर बसायला शिकला. पुढं जालन्याच्या एका कच्छी शेठचा भाऊ आफ्रिकेत कंपाल्याला कापडाचं दुकान चालवत होता, त्याला शिवणारा माणूस हवा होता. सेहेचाळीस साली नवराबायको गेली ती पंचावन्न साली परतली. तीही कायमची नाही. गाव बघायला, देवाला जायला. शेठनं सांगितलं होतं, "बद्रीभाई, मन भरलं की या, तुमची मशीन कुणाला देत नाही."

कंपाला त्या दिवसांत दिवसा वाढायचं आणि रात्री वाढायचं. कापसाला भाव, कॉफीला भाव. आज मोकळं माळरान दिसलं तिथं पुढच्या खेपेला भिंती उभ्या, आणि भिंतींवर छप्पर चढायच्या आत खाली दुकान सुरू. दुकानाला तिकडचे लोकही 'दुका'च म्हणत, आपल्याच माणसांनी शिकवलेलं. शेठच्या ओट्यावर एका रांगेत चार मशिनी होत्या. गिऱ्हाइकानं आत कापड निवडायचं, बाहेर येऊन माप द्यायचं, बाकावर बसायचं, गप्पा मारायच्या, आणि शिवलेलं अंगात घालून जुनं काखेत मारून घरी जायचं. बायकांचा तिकडचा पायघोळ झगा, खांद्यावर कावळ्याच्या पंखासारखी उभी टोकं असलेला, तो तर बद्रीनाथ डोळे मिटून शिवायचा.

आणि गोजरबाई? ती शेठाणीच्या मदतीला आत बसायची. तिथली भाषा ती नवऱ्याच्या आधी शिकली, कारण तिथं भाव करायच्या आधी बोलावंच लागायचं. माणूस दुकानात आला आणि थेट भाव विचारला, असं होतच नसे. आधी रात्र कशी गेली, घर कसं आहे, वाट कशी होती, पोरं, केळीची बाग, शेळ्या. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं 'म्म' म्हणायचं. मग पहिल्यानंही 'म्म' म्हणायचं, आणि असे हुंकार दोघं मिळून हळूहळू खाली आणून थांबवायचे, भजन थांबवतात तसे. मग एक चिमुकली परडी पुढं यायची. तिच्यात कॉफीची सबंध फळं, पाल्यात उकडून, वाळवून ठेवलेली. एक उचलायचं, तोंडात टाकायचं, चघळायचं. ज्याच्याकडचा दाणा चघळला, त्याच्याशी लबाडी करायची नाही. एवढं झालं की कापडाचा गठ्ठा उघडायचा.

गोजरबाईला ही रीत इतकी आवडली की परत येताना तिनं एक डबाभर फळं आणि एक परडी बरोबर घेतली.

तर गावी आल्यावर निश्चय आणि विनोद यांचा निकाल लागला. गोजरबाई म्हणाली, मी इथंच राहणार. नदीवर धुणं धुताना शेजारची बाई काय बोलते ते कान न ताणता कळतं, हे सुख मला पुन्हा सोडायचं नाही. बद्रीनाथ म्हणाला, इथं खायचं काय? रखमाजीदादाच्या गिऱ्हाइकांत वाटणी मागायची?

"दुकान टाकू," गोजरबाई म्हणाली. "तिकडच्यासारखं. आत कापड, ओट्यावर मशीन."

"इथं? केदारखेड्यात?"

"दिवाळीपर्यंत बघू. चाललं तर राहायचं."

"आन न्हाई चाललं तर?"

"तर तुम्ही जा. मी अडवायची न्हाई. पण मी येणार न्हाई."

असा करार झाला. बद्रीनाथनं ट्रंक उघडलीच नाही. लोखंडी, हिरव्या रंगाची, वर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव. ती खोलीच्या मधोमध बसून राहिली, आणि गोजरबाई रोज तिच्या भोवतीनं झाडू मारायची. पाहुणी आलेली आहे आणि उठायचं नाव घेत नाही, तशी ती ट्रंक.

सडकेच्या कडेला, मोटार थांबायची तिथं, रखमाजीची एक रिकामी खोली होती, पुढं ओटा. तिथं आषाढात दुकान मांडलं. रखमाजीनं खोली दिली, पण जीभ काही आवरली नाही.

"बद्री, गावाची रीत इसरला का रं? शिंप्याकडं कापड टाकायचं, चार चकरा मारायच्या, शिव्या द्यायच्या, आन लग्नाच्या आदल्या दिवशी झंपर मिळवायचं. तू तासाभरात देशील तर लोक म्हणतील, शिलाई कच्ची हाय."

आणि खरंच लोक तसंच म्हणाले. एवढ्या जल्दी शिवलेलं कापड एवढ्याच जल्दी उसवणार, असं सगळ्यांचं ठरलं. त्यात गोजरबाईची चौकशी. कुणी ओट्याशी आला की तिचं सुरू: घरी सगळे कसे, म्हातारी कशी, म्हशीला काय झालं, पोरी केवढ्या झाल्या. माणूस बिचारा बिचकायचा. एकानं तर घरी जाऊन सांगितलं, "कंपालावाली आपल्या पोरींची चौकशी करून राह्यली, स्थळबिळ आणती काय की." दुसऱ्या दिवशी त्याच्या घरची दोन माणसं नवे फेटे बांधून मुलाची चौकशी करायला आली. मुलगा कुठं आहे? मुलगा नाहीच! कापड न घेताच परत गेली.

श्रावण गेला. दुकानात माल तसाच. बद्रीनाथ मशीनवर बसून सडकेकडं बघायचा आणि एकेका मोटारीला म्हणायचा, "ही चालली जालन्याला. जालन्याहून मुंबई. मुंबईहून..."

"मुंबईहून वकारी," गोजरबाई आतून म्हणायची.

पितृपक्षाच्या सुमारास रामराव आला. नदीपलीकडच्या वस्तीवरचा शेतकरी, आडव्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा. वस्तीवर त्याच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. त्याला मांजरपाटाचा सदरा हवा होता. गोजरबाईनं रीतसर घर, बैल, विहीर सगळं विचारलं. रामराव बोलका माणूस, त्याला बिलकुल बिचकायला झालं नाही. त्यानं बैलाच्या खुराची सगळी कथा सांगितली. मग तिनं परडी पुढं केली.

रामरावानं परडीत पाहिलं. एक फळ उचलून नखानं खरवडलं, वास घेतला. "कुठलं हाय?"

"कंपाल्याचं. तिकडं पाव्हण्याला द्यायची रीत हाय. घ्या."

रामरावानं एक नाही, चांगली ओंजळ घेतली आणि उपरण्याच्या टोकाला गाठ मारली. गोजरबाईला वाटलं, बाईमाणसासमोर तोंड हलवायला संकोचतोय; घरी जाऊन खाईल. तेवढ्यात बद्रीनाथनं सदरा शिवून हातात दिला. रामरावानं तो तिथंच अंगात घातला, दोन्ही हात वर करून ताणून पाहिला. उसवला नाही. मान हलवून तो गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ओट्यावर उभं राहायला जागा नव्हती.

"बाई, दोन सदरे. आन ती परडी."

"मला एक झंपर. परडी हिकडं फिरवा की!"

"आमाला मूठभर तरी द्या, त्या गणप्याला किती दिलं!"

बद्रीनाथचा पाय दिवसभर मशीनवरून उतरला नाही. नंदाबाई नावाची एक म्हातारी, गावात सगळ्यांची आजी, तिनं झंपर टाकलं, आणि घाईत बद्रीनाथच्या हातून बाहीला कंपाल्याचं उभं टोक बसलं. म्हातारीनं खांद्याकडं तिरकं बघितलं आणि म्हणाली, "असू दे. मला पाटलीण झाल्यावानी वाटून राह्यलं." त्यावर चार पोरी पुढं झाल्या: आम्हालाही टोकाची बाही.

गोजरबाईला वाटलं, जिंकलं. रात्री तिनं ट्रंकेभोवती झाडू मारला तो जरा ठसक्यातच.

दोन बाजार असेच गेले. मग एक दिवस नदीवर तिची जाऊ सगुणाबाई, रखमाजीची बायको, धुणं आपटता आपटता म्हणाली, "गोजर, तुझं बी उगवतं कदी गं? आमच्या ह्यांनी पण परसात लावलंय."

"कसलं बी?"

"कसलं म्हंजे? आफ्रिकेचं. सारा गाव पेरून बसलाय. त्या रामरावानं तर विहिरीपाशी वाफा केलाय, काट्याचं कुंपण घातलंय, आन राखायला कुत्रं बांधलंय."

गोजरबाई हसायला लागली ती अशी, की हातातलं लुगडं प्रवाहात निघालं आणि सगुणाबाईला पळत जाऊन धरावं लागलं. रब्बीच्या पेरणीचे दिवस. गावातल्या माणसाच्या हातात दाणे दिले, तो दुसरं करणार काय? नऊ वर्षं बाहेर राहून आपण एवढंही विसरलो!

आणि मग तिचं हसू थांबलं. माणसं कापडासाठी आलेलीच नव्हती. परडीसाठी आली होती. खरं सांगितलं, तर ओटा पुन्हा ओस. दिवाळी महिन्यावर आलेली.

घरी येऊन तिनं बद्रीनाथला सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग पाणी पिऊन, डोळे पुसून, ट्रंकेवर टकटक करून म्हणाला, "मंग? सांगतेस लोकायला?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय! सांगितलं तर मी बोटीत. न्हाई सांगितलं तर तू लबाड. दोन्हीकडून मजा माझीच."

"लई मजा करू नका," ती म्हणाली. पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. ज्याच्याकडचा दाणा चघळला त्याच्याशी लबाडी करायची नाही; आता यांनी चघळला नाही हे खरं, पण दिला तर तिनंच होता ना? तिनं ठरवलं, येत्या बाजाराला सगळे जमले की एकदमच सांगायचं. डबा उघडून पाहिला. तळाला एकच फळ उरलं होतं.

बाजाराचा दिवस उजाडला. ओटा भरला. गोजरबाई पदर खोचून उभी राहिली, तोंड उघडणार, तेवढ्यात गर्दी बाजूला करत रामराव आला. मुठीत काहीतरी होतं. ती मूठ त्यानं मशीनवर उघडली. मातीत माखलेली पाच-सहा फळं, फुगलेली, बुळबुळीत.

"बाई! रोज पाणी घातलं. शेणखत घातलं. पहाटे उठून बघितलं. मोड न्हाई, कोंब न्हाई! आज उकरून दाबून बघितलं. हे बी..." त्यानं सगळ्यांकडं बघितलं, "हे बी उकडलेलं हाय!"

बद्रीनाथची मशीन थांबली.

"व्हय," गोजरबाई म्हणाली. "उकडलेलंच हाय."

"म्हंजे तुमी आमाला उकडलेलं बी पेराया दिलं?"

"पेरायला न्हाई, रामराव. खायला दिलं. तिकडं पाव्हणा आला की हे चघळायला देतात, आपण सुपारी देतो तसं. मला वाटलं, हातात खायचं दिलं की माणूस खातो. माझ्या ध्यानातच राह्यलं न्हाई, तुमच्या हातात दाणा पडला की तुम्हाला आधी तिफण आठवती."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मला नदीवर कळालं," ती पुढं म्हणाली. "आज सगळे जमल्यावर सांगणारच व्हते. आता ज्याला कापड परत करायचं, त्यानं करा. मी घेईन."

लोक एकमेकांकडं बघू लागले. परत करायचं म्हणजे काय? कापड तर अंगावर होतं, मापात बेतलेलं. नंदाबाई उभ्या टोकाचे खांदे हलवत म्हणाली, "मंग मी काय हितंच काढून देऊ का गं?"

आता हसण्याला काही धरबंध राहिला नाही. ज्यानं त्यानं शेजारच्याला विचारलं, तू कुठं लावलं होतंस? एकानं केळीच्या आळ्यात, एकानं फुटक्या घागरीत, रखमाजीनं तुळशीच्या शेजारी. हसता हसता सगळ्यांच्या नजरा मात्र रामरावाकडं वळल्या. त्याचं काट्याचं कुंपण सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी भुंकून दाखवलं.

रामरावाचं तोंड लाल झालं. तो वळला. गोजरबाईनं ओळखलं, हा असाच गेला तर त्याची अख्खी वस्ती पुन्हा ह्या ओट्यावर पाय ठेवायची नाही. आणि वस्तीचंही राहू दे. ज्यानं बैलाच्या खुराची एवढी कथा सांगितली, तो माणूस खाली मान घालून चालला होता.

"रामराव, थांबा जरा."

ती आत गेली, डब्यातलं शेवटचं फळ घेऊन आली. सगळ्यांसमोर दोन बोटांत दाबून फोडलं. आत दोन दाणे, पोटाला पोट लावून निजलेले.

"हे बघा. एका टरफलात दोन. तिकडं दोन माणसांनी हे एक फोडून एकेक दाणा खाल्ला, की ती भावंडं झाली. मंग एकानं दुसऱ्याला उपाशी ठेवायचं न्हाई, दारातून माघारी लावायचं न्हाई. खरं तर आधी थोडं रक्त काढून लावतात. ते आपण ऱ्हाऊ देऊ."

"बिलकुल ऱ्हाऊ द्या," रामराव घाईनं म्हणाला.

"मला भाऊ न्हाई," गोजरबाई म्हणाली. "पाठीवर कुणी झालंच न्हाई. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते. कंपाल्यातबी त्यालाच ओवाळत व्हते, मागच्या अंगणातून. हे शेवटचं फळ हाय माझ्यापाशी. तुम्ही न्हाई म्हणालात तर मी दोन्ही खाईन, कुणाला देणार न्हाई."

आता कुणी हसलं नाही. रामराव खालच्या पायरीवर उभा. त्यानं दाण्याकडं बघितलं, गोजरबाईकडं बघितलं. मग उपरण्याला हात पुसून एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला. तिनं दुसरा. तो चावला, आणि त्याचं तोंड असं वाकडं झालं की शेजारचा माणूस मागं सरला.

"अगं माय! ह्याच्यासाठी मी कुत्रं बसवलं व्हतं का?"

आणि मग तो स्वतःच इतक्या मोठ्यानं हसला, की सडकेवर उभ्या मोटारीतली माणसं खिडक्यांतून डोकावली.

चघळून झाल्यावर, तोंड पुसून, तो पहिल्यांदा बद्रीनाथकडं वळला. आवाज बदललेला. बहिणीच्या घरच्या माणसाशी बोलतात तसा.

"काय दाजी? माझी बहीण हितं, आन तुमी म्हणं बोटीनं जाणार हायत?"

बद्रीनाथला आजवर मेव्हणाच नव्हता. अशा प्रश्नांची सवय नव्हती. "न्हाई म्हंजे... तसं ठरलं व्हतं, दुकान चाललं न्हाई तर..."

"चाललं न्हाई तर? आमी काय मेलो का?"

दुसऱ्या दिवशी वस्तीवरून बैलगाडी आली. दिवाळीचे कपडे शिवायला पोरं, बाया, म्हातारे सगळे खाली उतरले. माप द्यायच्या आधी गोजरबाईनं प्रत्येकाची घरची चौकशी केली, आणि ह्या खेपेला कुणी बिचकलं नाही; बहिणीनं विचारायचं नाही तर कुणी विचारायचं? काम इतकं झालं, की एक दिवस रखमाजी स्वतःची मशीन डोक्यावर घेऊन ओट्यावर आला आणि बद्रीनाथच्या शेजारी मांडून बसला.

"भाऊजी, शिलाई कच्ची तर पडायची न्हाई?" गोजरबाईनं दारामागून विचारलं.

"माझी न्हाई पडत. तुझ्या नवऱ्याचं त्यो बघंल."

भाऊबीजेला संध्याकाळी गोजरबाईनं ताट केलं. निरांजन, सुपारी, अक्षता. सवयीनं आधी अंगणात जाऊन आभाळाकडं बघितलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "अक्का, पाट मांडलाय का उभ्यानंच ववाळती?"

नवा सदरा, नवं उपरणं. रामराव खोलीत शिरला, पाटाची वाट न बघता मधोमध बसलेल्या त्या हिरव्या ट्रंकेवर धपकन बसला. ट्रंक करकरली. झाकण मधोमध खाली गेलं, कडी वाकली, कुलूप तिरकं झालं.

बद्रीनाथ पळत आला. कुलपाला किल्ली लावून बघितली, ओढून बघितलं, लाथ मारून बघितली. उघडेना. "आवं रामराव, माझा कोट हाय आतमंदी! कंपाल्याचा!"

"घाला की शिवून दुसरा, दाजी. शिंपी हायत का कोण?"

रामराव उठलाच नाही. गोजरबाईनं त्याला तिथंच, ट्रंकेवर बसलेला, ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्यानं शाळूचं बियाणं आणलं होतं, चांगलं निवडलेलं. "हे उगवतं," तो म्हणाला. "उकडू नकोस."

बद्रीनाथनं पुढं ती ट्रंक छिन्नीनं फोडली, कोट काढला, आणि झाकण ठोकून सपाट केलं. मग ती ओट्यावर गेली. पुढची कित्येक वर्षं गिऱ्हाइकं शिवण होईपर्यंत तिच्यावरच बसायची. वरचं पांढरं नाव धोतरांनी घासून घासून पुसून गेलं. परडीत बडीशेप आली, खोबऱ्याचे तुकडे आले. कुणी ओंजळ घेतली तर गोजरबाई म्हणायची, "चघळायचं हाय बरं का, पेरायचं न्हाई," आणि ट्रंकेवरचे सगळे रामरावाकडं बघायचे. रामरावही मग एखादं भुंकून दाखवायचा.

दर भाऊबीजेला मात्र रामरावाला ओवाळून झाल्यावर ती ताट घेऊन अंगणात जायची. पहिल्या वर्षी बद्रीनाथनं विचारलं, "आता चंद्राला कशाला? भाऊ मिळाला की."

"इतकी वर्षं समुद्रापल्याड बिनबोलावता येत व्हता," गोजरबाई म्हणाली. "आता माघारी कसं लावू त्याला?"